रायतूरचे फादर स्टीफन्स

समोर जुवारी नदीचे पात्र दिसते आहे आणि त्याच्या काठच्या टेकडीवर पांढऱ्या भिंतींची जी भव्य वास्तू उभी आहे, ती रायतूरची, म्हणजेच राशोलची सेमिनरी, ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी शाळा. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले आणि पुढे मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे थॉमस स्टीफन्स वयाच्या तिशीत गोव्यात उतरले. पुढची चाळीस वर्षे ते इथेच राहिले, आणि त्यांतील बहुतेक काळ त्यांनी या साष्टी भागात काढला. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत. परक्या मुलखात आलेला हा धर्मोपदेशक इथे इतका कसा रमला, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांनी मागे ठेवलेली पत्रे आणि ओव्या वाचाव्या लागतात.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक पंथाचे उघड आचरण करणाऱ्याला तुरुंगवासाची तयारी ठेवावी लागत असे. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाऊंड या दोघांनी बरोबरच रोमला जाण्याचा बेत केला होता. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे कैदेत गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या कॅथलिक संघात, दाखल झाले. फ्रान्सिस झेवियर यांच्या पत्रांमुळे त्यांना भारताची ओढ लागली, असे सांगितले जाते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले. गोव्यात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना जे पत्र लिहिले त्यात या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाची हकिकत आहे. हिरड्या सुजून अन्न चावणेही अशक्य करणाऱ्या रोगाने जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतील सत्तावीस दगावली. किनारा जवळ आल्याच्या ज्या खुणा त्यांनी टिपल्या आहेत, त्या वाचताना आपणही जहाजाच्या कठड्याशी उभे आहोत असे वाटते. आधी भारताकडचे म्हणून खलाशांना ओळखीचे असलेले पक्षी दिसले, मग पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या आणि त्यानंतर लाटांवर पोहणारे साप. भीती, आजार आणि मृत्यू पाहून आलेला माणूस एवढ्या बारकाईने पाहू शकतो, यातच त्यांच्या पुढच्या आयुष्याची चाहूल मला दिसते.

२४ ऑक्टोबर हा त्यांच्या आगमनाचा दिवस. बरोबर चार वर्षांनी, १५८३ मध्ये त्याच तारखेला, पॅरिसमध्ये असलेल्या रिचर्ड या आपल्या भावाला त्यांनी दुसरे पत्र लिहिले. या पत्रात ते माडाविषयी लिहितात, आणि लिहिताना त्यांचा हात थांबत नाही. हे झाड तेल देते, ताडी देते, गूळ आणि साखर देते, सिरका देते. त्याच्या काथ्याचे दोर वळतात, झावळ्यांनी झोपड्या शाकारतात, करवंटीचा कोळसा लोहाराच्या भट्टीत जातो. वरचे सोडण काढले की दोन मुठींएवढे फळ उरते आणि एका शहाळ्याचे पाणी प्यायल्यावर दुसऱ्याची आठवण राहत नाही, असे ते आपल्या भावाला कळवतात. ज्याने माड कधी पाहिलेला नाही अशा माणसाला तो समजावून सांगताना स्टीफन्स स्वतः त्या सावलीत किती स्थिरावले होते, हे या ओळींतून न सांगता कळते.

याच पत्रात इथल्या भाषांविषयीही चार शब्द आहेत. इथे भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी नोंदवले. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात हाच विचार विस्ताराने मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे. ते एखाद्या विद्यापीठातून आलेले नाही. रोज लोकांत बसून, त्यांचे बोलणे कानांत साठवत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते सुचले आहे.

पण त्या पत्राचा मोठा भाग एका रक्तरंजित घटनेचा आहे आणि ती वगळून ही कथा सांगणे अप्रामाणिक ठरेल. साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये पाडली होती, मूर्ती फोडल्या होत्या, आणि लोकांच्या मनात तो घाव ताजा होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे धर्मगुरू रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार सहकारी ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून, कसलीही चौकशी न करता, ठार करण्यात आले. मारल्या गेलेल्या धर्मगुरूंचे देह परत मिळवण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. ज्या सत्तेच्या आधाराने ते इथे राहत होते, त्या सत्तेने केलेल्या विध्वंसापासून त्यांचे आयुष्य वेगळे काढता येत नाही. असे असूनही ते इथेच राहिले आणि पुढची पस्तीस वर्षे याच लोकांच्या भाषेत घालवली, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

गोव्यात त्यांचा किती जम बसला होता, हे त्याच वर्षाच्या अखेरीस दिसून आले. राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी आपल्या सोबत्यांसह कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली.

त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीत नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का करून देत नाही? हा प्रश्न फार मोलाचा आहे. कीर्तन आणि पुराण ऐकत वाढलेल्या माणसाला नुसत्या प्रश्नोत्तराच्या पुस्तिकेवर जगता येत नाही, ही त्याची तक्रार होती आणि स्टीफन्स यांना ती पटली. जवळपास अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ हे त्यांनी दिलेले उत्तर आहे.

ओवी ही मराठीची अगदी घरची चाल: तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड, मोकळा. त्याच सुमारास, १५८४ मध्ये, तिकडे पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पूर्ण करत होते आणि इकडे एक इंग्रज त्याच छंदावर हात बसवत होता, हे मनात आले की मला भरून येते. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हाच शब्द घेतला. फुलांत जशी मोगरी, परिमळांत कस्तुरी, पाखरांत मोर आणि झाडांत कल्पतरू, तशी भाषांमध्ये मराठी, हे त्यांचे गौरवोद्गार आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळणार नाही, म्हणून इथल्या बोलीतले, म्हणजे आजच्या कोकणीतले, शब्द त्यांनी जागोजागी मिसळले. मराठीच्या स्तुतीपेक्षाही या मिसळण्यात मला त्यांचे साष्टीकर होणे अधिक दिसते. ग्रंथाची भाषा कोणती आणि अंगणातली बोली कोणती, हा फरक ओळखायला माणूस त्या अंगणात बसलेला असावा लागतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. डिसेंबर १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवले, की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत, ही आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे. अडचणही त्यांनी मोजून मांडली: युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून सहाशे साचे लागतील. त्या वेळच्या कारागिरीत ते जमले नाही. १६१६ मध्ये रायतूरला ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत, आणि तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स यांचे गोव्यातच निधन झाले. त्यांची ख्रिस्ती तत्त्वांची कोकणी पुस्तिका १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते.

त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली आणि त्यांवरून १९०७ मध्ये तिथे ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तीही रोमन लिपीतच. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात याच पुराणाचे देवनागरीत लिहिलेले एक हस्तलिखित असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. स्टीफन्स यांनी ज्या लिपीसाठी रोमला पत्र लिहिले होते, ती लिपी अशा रीतीने त्यांच्याच मायदेशात सापडली. अखेर १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ख्रिस्तपुराण देवनागरी टायपात छापून प्रसिद्ध केले. साच्यांचा हिशेब मांडणाऱ्या त्या पत्राला तोवर ३४८ वर्षे झाली होती.