तारामती रंगते तेव्हा

[दृश्य: देवळाची ओवरी, नट रंगायला बसलेले]

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या की दशावताराच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याच्या, कंपन्या गावोगाव निघतात. सोबत रंगभूषाकार नसतो. ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं.

[दृश्य: आरशातला चेहरा, अगदी जवळून]

स्त्रीपार्ट करणारा नट सगळ्यांच्या आधी बसतो. दाढी गुळगुळीत केली तरी हनुवटीवर निळसर झाक उरतेच. तिच्यावर थेट सफेदा लावला तर ट्यूबलाइटखाली ती राखाडी दिसते, म्हणून आधी तांबूस हात. मग सफेद्यात थोडा पिवळा, थोडा गुलाबी रंग खोबरेलात कालवून लावायचा. तेल जास्त झालं की दमट हवेत पहिल्या पदालाच रंग मानेवर ओघळतो. कमी पडलं तर हसताना गालावर भेगा. पावडर चोळायची नाही, दाबून बसवायची. कानाच्या पाळ्या आणि मान विसरून चालत नाही. पुढे बसलेल्या बायकांची नजर नेमकी तिथेच जाते.

[दृश्य: नऊवारीचा काष्टा]

काष्टा कमरेला करकचून, कारण याच साडीत लढाईही खेळायची असते. सैल राहिला की गिरकीत पाय अडकलाच.

१९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामती झाले होते अण्णा साळुंके. पडद्यावर पुढे स्त्रिया आल्या. कोकणात मात्र पुरुषाने साकारलेली तारामती आजही रात्र जागवते.

[दृश्य: रंगमंच, मधोमध एक बाक]

हा बाकच सिंहासन. हातात संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, जाणता नट प्रसंगांचा क्रम सांगतो, संवाद मात्र उभ्या उभ्या जुळवायचे. समोरच्याने पुराणातला दाखला काढला तर तोडीस तोड दाखला द्यावा लागतो. विलाप किती लांबवायचा, हे पेटी वाजवत पदं गाणाऱ्या नाईकाच्या हाती. त्याने पद उचललं की बोलणं आवरायचं. नवख्याला ते उमगत नाही, तो ताणत बसतो आणि पहाटे खेळाची सांगता करणाऱ्या दहीकाल्याआधी शेवटची लढाई दोन फेऱ्यांत उरकावी लागते. हे सगळं साधणारा नट कुठल्याही मोठ्या नटाच्या रांगेत बसावा. त्याला नुसता 'लोककलावंत' म्हणून वेगळं काढणं आम्हाला मान्य नाही.

[दृश्य: वयस्क नट, ऋषीच्या वेषात]

आवाज जाड झाला, कंबर वळेनाशी झाली की स्त्रीपार्ट सुटतो. मग राजा, मग ऋषी. जागरणं अंगावर निघतात. मानधन खेळ झाला त्या रात्रीचंच, पावसाळ्यात शेती.