शटडाउनचे दिवस आणि मेलमधली तिसरी ओळ

नमस्कार. आज इथे सॉफ्टवेअर टेस्टर आहेत, टेक्निकल रायटर आहेत, कॅड डिझायनर आहेत, अनुवाद करणारे आहेत. प्रत्येकाचं काम निराळं, पण आपण सगळे कंत्राटावर काम करणारे, आणि वर्षअखेरीला क्लायंटकडून येणारी एक मेल तुम्ही सगळ्यांनी वाचलेली असणार. 'आमची कार्यालयं २४ डिसेंबर ते १ जानेवारी बंद राहतील. या काळात कंत्राटदारांनी टाइमशीटमध्ये तास भरू नयेत.' कायम नोकरीत असलेल्यांना या दिवसांचा पगार मिळतो, आपल्याला मिळत नाही. आणि पुष्कळदा त्या मेलमध्ये तिसरी ओळही असते : 'तातडीचं काही निघालं तर कृपया उपलब्ध राहावं.' मला आज बोलायचंय ते मुख्यतः या तिसऱ्या ओळीबद्दल.

आधी पहिल्या दोन ओळी. त्यांचा राग धरू नका असं मी सांगतो, आणि त्याला कारणं आहेत. क्लायंट अमेरिकेतला असेल, तर तिथे फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट हा १९३८ चा कामगार कायदा आहे. किमान वेतन, ओव्हरटाइम हे सगळं त्यात आहे, पण सणाच्या दिवशी भरपगारी सुट्टी दिलीच पाहिजे असं तो खासगी कंपन्यांना सांगत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला नाताळची भरपगारी सुट्टी मिळते ती कंपनीच्या धोरणातून किंवा करारातून. मग तासावर बिल करणाऱ्या पुण्यातल्या कंत्राटदारासाठी वेगळी तरतूद कुणी आपण होऊन करेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. किरकोळ विक्रीच्या कंपन्यांमध्ये तर नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सिस्टिमला हात लावायचा नाही असा दंडक असतो, कारण खरेदीचा मोठा हंगाम तोच. नवा कोड जात नाही, म्हणून टेस्टिंगचं काम आटतं. चाकण-पिंपरीच्या वाहन कारखान्यांतही वर्षअखेरीला देखभालीसाठी शटडाउन घेतात. कन्व्हेयर, पेंट शॉप, रोबो यांची जी कामं लाइन चालू असताना करता येत नाहीत, ती तेव्हा उरकतात. देखभालीच्या ठेकेदाराला त्या आठवड्यात जेवायला वेळ नसतो आणि त्याच कारखान्याचा कंत्राटी डिझायनर घरी बसलेला असतो. यात कुणी कुणाचा अपमान केलेला नाही. काम नाही, म्हणून बिल नाही. स्वतंत्र व्यवसाय करायचं ठरवलं तेव्हा हा व्यवहार आपण मान्य केलेला आहे.

पण मग तो व्यवहार पूर्ण मान्य करायला हवा, आणि दोन्ही बाजूंनी. काम नाही म्हणून पैसे नाहीत, तर तो वेळ माझा. मी दुसऱ्या क्लायंटचं काम घेईन, कोकणात जाईन, नाहीतर झोपा काढीन. ज्या क्षणी क्लायंट म्हणतो की पैसे देणार नाही पण लॅपटॉप जवळ ठेव, फोन उचल, दोन तासांत उत्तर दे, त्या क्षणी तो माझा वेळ विकत घेतोय आणि किंमत देत नाहीये.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. आपल्या साखर कारखान्यांकडे पाहा. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि ऊस संपला की थांबतो. पुढचे काही महिने बॉयलर थंड असतो. कारखान्यात जे 'हंगामी कायम' कामगार असतात, त्यांना त्या बिगरहंगामी काळात रिटेन्शन अलाउन्स मिळतो. पूर्ण पगार नाही, त्याचा एक हिस्सा. कशाबद्दल? तर पुढच्या हंगामाला हा पॅनमन, म्हणजे साखरेचा पाक शिजवणारा, हा फिटर पुन्हा याच कारखान्यात हजर व्हावा याबद्दल. कामगार संघटनांनी हे झगडून मिळवलं आणि वेतन मंडळांनी मान्य केलं. माणूस राखून ठेवायचा असेल तर राखण्याचे पैसे पडतात, हे कोल्हापूर-सांगली-नगरच्या प्रत्येक कारखान्याच्या हिशेबात लिहिलेलं आहे. त्याच कारखान्याच्या दारात येणाऱ्या ऊसतोड कामगाराला मात्र असं काही नाही. त्याला मुकादमाकडून उचल मिळते, आणि ती पुढच्या मेहनतीतून फिटेपर्यंत त्याच्या डोक्यावर असते. एकाच उसावर जगणारी ही दोन माणसं. एकाचा रिकामा काळ कागदावर आला, दुसऱ्याचा आला नाही. तुम्हाला यातलं काय व्हायचंय याचा विचार करा. आपल्याकडे शिक्षण आहे, इंग्रजी आहे, करार वाचता येतो, आणि तरी आपल्यातले कितीतरी जण रिकामा काळ कागदावर आणत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थांबण्याला किंमत आहे का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. १९४४ सालचा स्किडमोर विरुद्ध स्विफ्ट हा खटला. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या मांस कारखान्यातले सात कामगार दिवसाची पाळी संपल्यावर आठवड्यातल्या काही रात्री कारखान्याच्या अग्निशमन खोलीत किंवा हाकेच्या अंतरावर थांबत. आगीचा इशारा क्वचितच वाजे. एरवी ते झोपत, डॉमिनो खेळत, रेडिओ ऐकत. खालच्या न्यायालयांनी म्हटलं होतं की हा कामाचा वेळ होऊच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन नाकारला. थांबण्याचा वेळही कामाचा वेळ असू शकतो, तो कसा ठरवायचा ते प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर अवलंबून आहे, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. हा खटला ज्याखाली चालला तो १९३८ चाच कायदा कर्मचाऱ्यांसाठी आहे, तुम्हाआम्हाला थेट लागू होत नाही. पण समोरचा क्लायंट ज्या देशात बसलाय त्या देशाला हा विचार नवा नाही, एवढं लक्षात ठेवा.

ब्रिटनमध्ये हा मुद्दा आणखी एका अंगाने येतो. तिथे आयआर३५ नावाचे करनियम २००० सालापासून आहेत. नावाला कंत्राटदार पण प्रत्यक्षात नोकर, अशा माणसाकडून नोकरासारखा कर घ्यायचा हा त्यांचा हेतू. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर हे ठरवण्याची जबाबदारी टाकली गेली. त्यात एक कसोटी अशी, की काम द्यायला क्लायंट बांधील आहे का आणि ते करायला कंत्राटदार बांधील आहे का. नाताळात क्लायंटने बिनपैशाने घरी पाठवलं, तर कंत्राटदार स्वतंत्र असल्याचं दाखवायला ती गोष्ट उपयोगी पडू शकते. म्हणून तिथले काही अनुभवी कंत्राटदार बिनपगारी शटडाउनबद्दल फारसं कुरकुरत नाहीत. लंडनला कंत्राटावर गेलेल्या आपल्या मराठी मंडळींनी हे समजून घ्यावं.

आता पैशांचं गणित, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील. वर्षात ५२ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २६० दिवस. यातून क्लायंटच्या शटडाउनचे १० काढा. गणपती, दसरा, दिवाळी आणि राष्ट्रीय सुट्ट्या मिळून १० काढा. आजारपणाचे ७, घरच्या कामांचे आणि विश्रांतीचे १३. उरले २२०. यातही कोटेशन देणं, हिशेब, नवं शिकणं, दोन कामांमधली पोकळी याला २० दिवस सहज जातात. बिल करता येतात असे दिवस २००. तुम्हाला वर्षाला १८ लाख हवे असतील, तर २६० ने भागल्यावर दिवसाचा दर ६,९०० च्या आसपास येतो आणि २०० ने भागल्यावर ९,०००. पहिला दर सांगणाऱ्याला डिसेंबर आला की पोटात गोळा येतो. दुसरा दर सांगणाऱ्याने शटडाउनचे पैसे वर्षभर थोडे थोडे घेतलेले असतात. दर सांगताना ही फोड क्लायंटला दाखवायची गरज नाही, ती आपल्या वहीत असावी.

थर्ड पार्टी पेरोलवर असणाऱ्यांना, म्हणजे काम क्लायंटकडे पण पगार एजन्सीकडून घेणाऱ्यांना, मात्र वेगळं सांगतो. तुम्ही फ्रीलान्सर नाही, एजन्सीचे कर्मचारी आहात. क्लायंटचं ऑफिस बंद म्हणून एजन्सी तुमचा पगार कापत असेल तर गप्प बसू नका, आधी नेमणूकपत्र काढून वाचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत.

बोलायचं कधी आणि कसं? मेल येण्याआधी. दसऱ्याच्या सुमाराला आपणच विचारावं. मजकूर साधारण असा : 'डिसेंबरात आपल्याकडे कुठल्या तारखांना बंद आहे ते कळवाल का? त्या तारखांना मी इतर कामं घेईन. त्या काळात मी उपलब्ध राहावं अशी इच्छा असेल, तर रोज अर्ध्या दिवसाच्या दराने राहू शकेन. कृपया १५ नोव्हेंबरपर्यंत सांगा.' यात तक्रार नाही, याचना नाही. मॅनेजरलाही बरं पडतं, कारण वर्षअखेरीचं बजेट त्याला तेव्हाच मांडायचं असतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हाच विषय काढलात तर त्याच्या हातात काही उरलेलं नसतं आणि दोघांच्याही मनात कडवटपणा येतो. हाच शिष्टाचार आपणही पाळायचा. गणपतीत पाच दिवस काम बंद ठेवणार असाल तर महिनाभर आधी कळवा. त्या बिचाऱ्याच्या कॅलेंडरवर गणपती नसतो.

शटडाउनआधीचं इन्व्हॉइस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, अकाउंट्सची माणसंही सुट्टीवर जातात. क्लायंट भारतातला असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून तो क्रमांक इन्व्हॉइसवर छापा. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. धमकीची भाषा करावी लागत नाही, क्रमांक पाहून अकाउंट्सवाल्याला समजतं.

आत्ता मधल्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, की एवढं सगळं विचारलं तर क्लायंट दुसरा माणूस बघणार नाही का? ताई, काही जण बघतील. जो क्लायंट तुम्ही आहात म्हणून नाही, तुम्ही फुकट उपलब्ध आहात म्हणून टिकलाय, तो जाईल. त्याची तयारी ठेवायची म्हणजे एकाच क्लायंटकडून सगळं उत्पन्न येऊ द्यायचं नाही आणि तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा. पण ज्यांना तुमचं काम हवंय त्यांच्यापैकी बहुतेक जण लिहितील, 'उपलब्ध राहण्याची गरज नाही, सुट्टी घ्या.' तसं लेखी आलं की ती मेल जपून ठेवा. आणि तरीही २७ तारखेला फोन आलाच, तर उचलायचा की नाही हे तुम्ही ठरवा. उचललात तर काम नीट करा, वेळ लिहून ठेवा आणि जानेवारीच्या बिलात किमान अर्ध्या दिवसाची वेगळी ओळ टाका, तारखेसकट.