ताजं म्हणजे नेमकं किती ताजं?

(दृश्य: टेबलावर पालकाची जुडी, खाली वजनकाटा, टाइमलॅप्स)

ही पालकाची जुडी सकाळी टेबलावर ठेवली, कॅमेरा लावला आणि आम्ही बाजूला झालो. पंखा बंद, खिडकी बंद, कोणी हातही लावलेला नाही. तुम्ही बघताय ते ९ तास आहेत, ४० सेकंदांत बसवलेले. आधी पानांच्या कडा आत वळतात, मग देठ वाकतात आणि मग अख्खी जुडीच दमल्यासारखी आडवी पडते. काट्याकडे लक्ष ठेवा, आकडा उतरतोय. पालकात दहातले नऊ भाग नुसतं पाणी असतं, त्यातलं पाच-दहा टक्के उडालं की पान मलूल दिसतं, आणि मलूल दिसलं की गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणजे विकणाऱ्याच्या हिशोबाने ही जुडी संपली. खाण्याच्या हिशोबाने संपली का, ते पुढे बघू.

भाजी तोडली की ती मेली असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. देठ कापल्यावरही तिचा श्वास चालूच असतो, ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, वर थोडी उष्णता. फरक एवढाच की आता मुळाकडून काही येत नाही, त्यामुळे ती स्वतःकडचीच साखर जाळत बसते, जमवलेल्या पुंजीवर दिवस काढावेत तशी. आणि तापमान १० अंशांनी वाढलं की ही पुंजी दोन ते तीन पट वेगाने उडते. बाजारात ताज्या मालाचा जो काही दर असतो ना, त्याची अर्धी गोष्ट इथेच आहे. भाजी स्वस्तात उगवेलही, पण तिला तिच्या स्वतःच्या वेगापासून वाचवायला पैसे लागतात.

(दृश्य: कोल्ड स्टोरेजचं दार, धुकं, मग थर्मल कॅमेरा)

हा थर्मल कॅमेऱ्याचा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. नारिंगी दिसतायत ते आत्ताच आलेले क्रेट, उन्हाची धग अजून पोटात घेऊन आलेले. मोठे पंखे क्रेटच्या फटींमधून गार हवा ओढतात आणि बघता बघता नारिंगीचा जांभळा होतो, जांभळ्याचा निळा. याला प्रीकूलिंग म्हणतात, आणि हे जितकं लवकर तितकं बरं, कारण इथे उशीर झाला तर पुढे कितीही भारी ट्रक लावा, गेलेले दिवस परत येत नाहीत.

बरं, सगळं एकाच थंडीत ठेवलं आणि झालं, असंही नाही. पालेभाजीला शून्याच्या जवळची थंडी मानवते, तीच थंडी केळ्याला दिली तर साल काळी पडते, त्याला १३-१४ अंश लागतात. टोमॅटो फार गारठला तर त्याची चवच जाते. आणि सफरचंद तर शेजारी म्हणून अवघडच, ते पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि बाजूची पालेभाजी पिवळी पडायला लागते. पिकलेलं सफरचंद स्वतः हा वायू सोडतं हे रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिलं. तुमच्या फ्रीजच्या खणात सफरचंद आणि पालक शेजारी शेजारी झोपलेले असतील तर हा व्हिडिओ थांबवून आधी ते वेगळे करून या, आम्ही थांबतो.

(दृश्य: सीलबंद खोली, काचेच्या छोट्या खिडकीतून सफरचंदांच्या राशी)

या खोलीत कोणी जात नाही. जाऊच शकत नाही, कारण बाहेरच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, इथे तो दोन-तीन टक्क्यांवर आणलेला आहे, माणूस काही क्षणांतच कोसळेल. सफरचंद मात्र अशा हवेत जवळजवळ झोपी जातं, श्वास मंदावतो, पिकणं लांबतं. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी यावर काम केलं आणि त्यातून पुढे हा सगळा धंदा उभा राहिला. आज दुकानात चकचकीत दिसणारं सफरचंद कित्येक महिन्यांपूर्वी झाडावरून उतरलेलं असू शकतं. त्यात वाईट काहीच नाही, खुशाल खा. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्यावर 'ताजं' अशी पाटी लागते तेव्हा त्या शब्दाचा अर्थ 'नुकतं तोडलेलं' असा नसतो, 'तसं दिसणारं' असा असतो.

(दृश्य: सॉर्टिंग लाइन, पट्ट्यावरून घरंगळणारे टोमॅटो, वरून कॅमेरे, हवेच्या फुंकरीने बाजूला उडणारे)

आता हे बघा. मला तर हे तासभर बघत बसायला आवडेल. प्रत्येक टोमॅटो पट्ट्यावर गोल फिरतो, वरचे कॅमेरे त्याचे चारी बाजूंनी फोटो काढतात, रंग मोजतात, डाग शोधतात, आकार तपासतात, आणि जो बसत नाही त्याला हवेची एक फुंकर, की गेला बाजूच्या खणात. डोळ्याची पापणी लवायच्या आत निकाल. या परीक्षेत एक विषय नाहीये, तुमच्या लक्षात आला का? चव. आणि पोषण तर अजिबातच नाही.

दिसण्याचा हा हट्ट नियमांपर्यंतही गेला होता. युरोपात १९८८ च्या एका नियमात काकडी किती वाकडी चालेल हेही लिहिलेलं होतं, सगळ्यात वरच्या दर्जाची काकडी दर १० सेंटीमीटरला जास्तीत जास्त १० मिलीमीटर वाकलेली चालेल, त्यापुढे नाही. लोकांनी खूप चेष्टा केली, शेवटी २००९ साली तो नियम गेला. पण नियम गेला म्हणून नजर जात नाही. दुकानातल्या राशीतून आपण स्वतः काय उचलतो ते आठवा, दोन शेंड्यांचं गाजर घेतो का कधी? नाही घेत. मग जे कोणी घेणार नाही ते दुकानात पाठवायचं कशाला, असा विचार मागे, अजून मागे सरकत जातो, आणि बाजूला उडालेल्याचा खर्च सरळ गाजरांच्या दरात येऊन बसतो.

(दृश्य: मटारचे दाणे, पाण्याची वाफ, मग गार हवेच्या झोतात उड्या मारणारे हिरवे दाणे)

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या जागी आलो. मटार तोडल्यापासून घड्याळ सुरू होतं, त्याच्यातली साखर पिठूळ व्हायला लागते आणि क जीवनसत्त्व उतरायला लागतं, पहिल्या एक-दोन दिवसांतच बरंच. म्हणून इथे तोडणीपासून गोठवण्यापर्यंतचा हिशोब तासांचा आहे, दिवसांचा नाही. आधी शेंगा सोलल्या जातात, मग दाणे एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. याला ब्लँचिंग म्हणतात. दाण्यातली विकरं म्हणजे एन्झाइम्स गोठल्यावरही हळूहळू काम करून रंग आणि चव बिघडवतात, त्यांना इथेच गप्प करतात. लगेच गार पाणी. आणि मग हा बोगदा. खालून इतक्या जोरात गार हवा येते की दाणे हवेत उड्या मारतात, तरंगतात, प्रत्येक दाणा वेगळा गोठतो, एकमेकांना चिकटत नाही. आवाज ऐका, गारा पडल्यासारखा.

ही कल्पना कुठून आली तेही सांगायलाच हवं. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन माणूस कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये राहत होता, पहिल्या महायुद्धाच्या आसपासची गोष्ट. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासा काढायचे आणि बोचऱ्या वाऱ्यात तो क्षणात कडक व्हायचा, आणि महिन्यांनी वितळवला तरी खायला तसाच्या तसा. बर्ड्सआयला कळलं ते हे, की हळूहळू गोठवलं तर पाण्याचे मोठमोठे स्फटिक होतात आणि ते आतल्या पेशी फाडतात, झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. म्हणजे ज्ञान त्या लोकांचं, पेटंट याचं, असो. परत येऊन त्याने यंत्रं बनवली आणि १९३० च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेल्या पाकिटांची विक्री सुरू झाली.

(दृश्य: दोन वाट्या, एकीत पाकिटातला मटार, दुसरीत चार दिवसांच्या शेंगांमधला)

तर 'फ्रोजन म्हणजे निकृष्ट' हे आपल्या डोक्यात जे बसलंय ते काढून टाकायला हवं. ब्लँचिंगमध्ये थोडं क जीवनसत्त्व जातं, खरंय, पण त्यानंतर घसरण बरीचशी थांबते, उलट शेंगा तीन-चार दिवस इकडून तिकडे फिरल्या आणि मग तुमच्या घरी पडून राहिल्या तर शेवटी ताटात कोण वरचढ ठरेल सांगता येत नाही. कोशिंबिरीला गोठवलेली काकडी चालणार नाही, मान्य. घरी फ्रीजर लागतो, वीज लागते, तेही मान्य. दुकानातल्या हवाबंद डब्यातली भाजी असेल तर मीठ बघून घ्या आणि पाण्याने धुवा. एवढं सांभाळलं की बस. आणि टोमॅटो तर शिजवल्यावर त्यातलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शरीराला जास्त मिळतं, तेव्हा सॉससाठी मऊ पडलेले, डाग असलेले, कोपऱ्यात ठेवलेले टोमॅटो घेतले तर काही बिघडत नाही, डाग कापून टाकायचा. बुरशी आलेली असेल तर मात्र आख्खा फेकायचा.

(दृश्य: घरातला फ्रीज, भाजीचा खण, तळाशी काळी पडलेली जुडी)

इथे निवेदन नको, आठ सेकंद फक्त चित्र.

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरांमधून वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. हा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा आकडा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा, बटाटा त्यात धरायचा नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातल्या सुमारे २६० कोटी लोकांना पोषक आहार परवडत नव्हता. पोट भरायचं म्हटलं तर तेवढ्याच पैशांत तेल, साखर आणि मैदा कितीतरी जास्त कॅलरी देतात, त्यामुळे हात तिकडे जातो, याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा महिनाअखेरीला यादी घेऊन उभं राहून बघावं.

(दृश्य: दुकान, संध्याकाळ. एक बाई भाजीच्या रांगेसमोर)

या ताईंना आम्ही काहीही करायला सांगितलेलं नाही, चेहरा दाखवणार नाही एवढंच ठरलं होतं. पालकाची जुडी उचलली. उलटून देठ बघितले. परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. मग त्या पुढे गेल्या, उतरत्या दराच्या ट्रेमधून दोन शेंड्यांचं एक गाजर आणि तीन साधी घेतली, गाजरांचा पाला तिथेच तोडून टाकला, कारण पाला ठेवला तर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो, हे त्यांना माहीत होतं. मग फ्रीजरचं झाकण सरकवलं.

मटारचं पाकीट बाहेर आलं, त्यांनी ते एकदा हलवलं, दाणे आत सुटे खुळखुळले. गोळा झालेला नाही ना हे बघायची ती पद्धत आहे, एकदा वितळून परत गोठलेलं असेल तर दगडासारखा गठ्ठा लागतो. पाकीट पिशवीत गेलं. पालकाच्या रांगेकडे त्या परत वळल्या, पहिली जुडी शोधली, तीच, आणि तीही घेतली.