15 मेच्या आत

(दृश्य: एप्रिलची दुपार. रस्त्याकडेची टपालपेटी उघडते. हातात पांढरं पाकीट.)

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनोकडच्या मराठी घरांमध्ये एप्रिलच्या मध्यावर एकच चौकशी सुरू होते. "नोटीस आली का?" व्हॉट्सअॅपवर, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत, मुलांना सॉकरला सोडताना. ही नोटीस येते अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे करासाठी घरांच्या किमती ठरवणाऱ्या स्थानिक सरकारी कार्यालयाकडून. 1 जानेवारीला तुमच्या घराचा बाजारभाव किती होता, याचा त्यांनी लावलेला आकडा तिच्यात असतो, आणि वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स त्यावरून ठरतो.

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. शाळांच्या खर्चाचा मोठा भार घरपट्टीवर आहे, त्यामुळे ही घरपट्टी आपल्या गावाकडच्यासारखी किरकोळ नसते. साध्या चार खोल्यांच्या घरालाही वर्षाला हजारो डॉलर पडतात. बहुतेकांच्या घराच्या हप्त्यातच ही रक्कम धरलेली असते आणि बँक ती परस्पर भरते. मग हप्ता वाढला की माणूस व्याजाला दोष देतो. मीही पहिली दोन वर्षं तेच करत होतो.

हा टॅक्स कमी करायचे दोन रस्ते आहेत, आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिला, होमस्टेड एक्झम्प्शन. पुणेकरांना हे चटकन कळेल. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका 40 टक्के सवलत देते, पण त्यासाठी पीटी-3 अर्ज लागतो, आणि तो न भरलेल्यांची बिलं कशी फुगली ते पुण्यात घरोघरी माहीत आहे. इथलं होमस्टेड त्याच जातीचं. राहतं घर असेल तर शाळेचा कर लावताना घराच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा होते. 2022 पूर्वी ही रक्कम 25 हजार डॉलर होती. मतदारांनी कौल देत देत ती आधी 40 हजार, 2023 मध्ये 1 लाख आणि नोव्हेंबर 2025 मध्ये 1 लाख 40 हजारांवर नेली. शाळेचा दर शंभर डॉलरला 1 डॉलर 10 सेंट धरा. वर्षाचे 1,540 डॉलर वाचतात.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. अर्ज क्रमांक 50-114, शेजारी ड्रायव्हिंग लायसन्स.)

अर्ज छोटासा आहे आणि तो भरायला एक पैसाही लागत नाही. लायसन्सवरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळला पाहिजे, नवीन घर घेतलेले लोक नेमके इथे अडकतात. नागरिकत्वाची अट नाही, एच-1बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यालाही हे मिळतं. घर घेतल्यावर सरकारी वाटावीत अशी पत्रं येतात, "आम्ही होमस्टेड फाइल करून देतो, इतकी फी पाठवा." ती पत्रं खासगी असतात. फाडून टाका.

आमच्या गल्लीत एक काका-काकू राहतात, मूळचे नाशिकचे, इथे तीस वर्षांहून जास्त झाली. काकांनी पासष्टी ओलांडली होती, पण वयाची सवलत घेतलीच नव्हती. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे त्यांची जन्मतारीखच नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, या देशाने सगळं दिलं. आता सूट काय मागायची?" मला ते फार लागलं. अख्खं आयुष्य वेळेवर बिलं भरलेल्या माणसाला आपल्या हक्काची गोष्ट मागताना संकोच वाटावा! कायदा 65 वर्षांवरच्या घरमालकाला शाळेच्या करात आणखी 60 हजार डॉलरची वजावट देतो. शिवाय ज्या वर्षी तो पात्र ठरतो, त्या वर्षीच्या शाळेच्या कराला कुलूप लागतं. घरात मोठी भर घातली नाही, तर तो आकडा पुढे चढत नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसासाठी हे कुलूप वजावटीपेक्षाही मोलाचं आहे, असं मला वाटतं.

उशिरा केलेला अर्जही चालतो, कर थकीत धरला जातो त्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत. काकांनी अर्ज केला. परताव्याचा चेक आला.

(दृश्य: नोटिशीवर पेन्सिलने खूण केलेले दोन आकडे.)

दुसरा रस्ता प्रोटेस्ट, म्हणजे त्यांनी लावलेल्या किमतीलाच हरकत घेणं. त्याआधी नोटिशीवरचे दोन आकडे नीट वाचायला हवेत, मार्केट व्हॅल्यू म्हणजे बाजारभाव, आणि अप्रेज्ड व्हॅल्यू म्हणजे कर ज्यावरून मोजतात ती किंमत. होमस्टेड असलं की ही दुसरी किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. समजा, गेल्या वर्षी 4 लाख 20 हजार होती. यंदा बाजारभाव 5 लाख लावला, तरी कर मोजताना किंमत 4 लाख 62 हजारांपर्यंतच धरतात. अशा वेळी भांडून बाजारभाव 4 लाख 70 हजारांवर आणला तर यंदाच्या बिलात एक डॉलरचाही फरक पडत नाही. 4 लाख 62 हजारांच्या खाली आणला, तरच उपयोग.

मुदत 15 मेची. नोटीस उशिरा निघाली असेल तर ती निघाल्यापासून 30 दिवस. हरकत घ्यायला फी नाही.

आमच्या घराचं सांगतो. दिवाणखान्याला दुमजली उंचीचं छत आहे, वरच्या मजल्यावर त्या जागी नुसती पोकळी. नोंदीत ती पोकळीही वरच्या मजल्याची जमीन म्हणून मोजलेली. मी आणि बायकोने शनिवारी सकाळी टेप धरून सगळ्या खोल्या मोजल्या, मुलगी कागदावर आकडे लिहीत होती. सोबत भिंतीचा फोटो. इथली काळी चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो, म्हणून लोक घराभोवती पाझरणारे पाइप टाकून जमीन ओली ठेवतात. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या भेगेत नाणं उभं शिरत होतं. ते नाणं तसंच ठेवून फोटो काढला, आणि दुरुस्तीवाल्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घेतला.

आधी अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या माणसाशी बोलणं होतं. तिथे जमलं नाही तर स्थानिक रहिवाशांच्या मंडळासमोर शपथेवर सुनावणी होते. आपल्याला वाटतं, आपणच काहीतरी सिद्ध करायचंय. कायद्याने किंमत सिद्ध करायची जबाबदारी अप्रेझल डिस्ट्रिक्टची आहे, आणि मागितला तर त्यांचा पुरावा सुनावणीच्या 14 दिवस आधी तुम्हाला मिळतो. तो जरूर मागा. टेक्ससमध्ये घरांच्या विक्रीच्या किमती जाहीर होत नाहीत, पण शेजारच्या घरांना लावलेल्या किमती जाहीर असतात. तशाच घरांना कमी आणि तुम्हाला जास्त लावली असेल, तर असमान मूल्यांकन हाच हरकतीचा मुद्दा होतो. बाजारात तुमचं घर तेवढ्याला गेलं असतं, तरीही.

आमचं काम पहिल्या बैठकीतच झालं. समोरच्या बाईंनी मोजमापाचा कागद दोनदा पाहिला, नोंद दुरुस्त केली, नवा आकडा छापून सहीसाठी पुढे सरकवला. आवाज चढवावा लागला नाही.

(दृश्य: पुन्हा टपालपेटी. पांढऱ्या केसांचा माणूस पाकीट तिथेच उभ्याने फोडतो.)

यंदा काकांची नोटीस आमच्या आधी आली. वजावट आणि कुलूप दोन्ही जागेवर होतं. घराची किंमत मात्र चढलेली, आणि कुलूप नसलेले बाकीचे कर तिच्याबरोबर चढणार. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "आमच्या जिन्यावरही पोकळीच आहे रे. उद्या टेप घेऊन ये."