बोर्ये साल्मिंग: गोलच्या वाटेत उभा राहिलेला माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

आज ज्या खेळाडूबद्दल बोलायचं आहे, त्याच्या नावावर एकही स्टॅनली कप नाही. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, तो 17 हंगाम खेळला; स्टॅनली कप म्हणजे त्याच लीगचं विजेतेपद. तिथल्या उत्कृष्ट बचावपटूला नॉरिस करंडक देतात. त्याच्या मतदानात तो दोनदा दुसरा आला, पहिला कधीच नाही. आणि तरीही टोरांटोत त्याचा पुतळा आहे. बोर्ये साल्मिंग त्याचं नाव. देश स्वीडन, खेळ आइस हॉकी, जागा बचावपटूची.

आइस हॉकी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल, म्हणून आधी दोन शब्द खेळाबद्दल. बर्फाची रिंक, भोवती छातीएवढं कुंपण, दर बाजूला सहा खेळाडू: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन 170 ग्रॅमच्या आसपास. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी चक्क गोठवून ठेवतात. खेळाडू बर्फावर पाऊण मिनिट जीव तोडून पळतात, मग बाकावर येतात आणि दुसरे उतरतात. पक असलेल्या माणसाला खांद्याने धडक देणं नियमात बसतं. मारामारी केली तर पाच मिनिटं बाहेर बसायचं, मग परत यायचं. हो, हातमोजे फेकून ठोशांची मारामारी. एनएचएलमध्ये तिला शिक्षा आहे, पण तिच्यावर बंदी नाही, आणि सत्तरच्या दशकात तर काही संघांचा तो धंदाच होता.

साल्मिंगचा जन्म 17 एप्रिल 1951 चा. किरुना हे त्याचं गाव स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे 145 किलोमीटर उत्तरेला. डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. गावाचं पोट लोखंडाच्या खाणीवर. त्याच खाणीमुळे जमीन खचायला लागली आणि आता ते शहरच तुकड्यातुकड्याने पूर्वेला हलवलं जातंय, पण तो वेगळा विषय. बोर्येचे वडील सामी, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या मूळच्या लोकांपैकी. ते खाणीत कामाला होते आणि खाणीतल्या अपघातातच गेले. बोर्ये तेव्हा पाच वर्षांचा होता. घरात थोरला भाऊ स्टिग. तोही पुढे बचावपटूच झाला. धाकटा त्याच्या मागोमाग दक्षिणेला येव्ले शहरात गेला, ब्रूनेस या क्लबकडून खेळायला. 1971 आणि 1972, लागोपाठ दोन वर्षं ब्रूनेस स्वीडनचा विजेता ठरला.

आता कॅनडाची बाजू बघा. टोरांटो मेपल लीफ्स हा जुना, श्रीमंत आणि त्या काळात वैतागलेला संघ. 1972 साली एनएचएलला टक्कर द्यायला दुसरी लीग उभी राहिली आणि तिने दामदुप्पट पैसे मोजून खेळाडू पळवले. लीफ्सचे तर बचावपटूच्या बचावपटू गेले. अशा वेळी त्यांचा गेरी मॅकनमारा नावाचा माणूस खेळाडू हेरायला स्वीडनमध्ये आला. आला होता एका गोलरक्षकाला बघायला. तो गोलरक्षक निघाला जखमी. आलोच आहोत तर म्हणून मॅकनमारा ब्रूनेसचा सामना बघायला गेला. समोर कॅनडाहूनच दौऱ्यावर आलेला एक संघ होता, बॅरी फ्लायर्स. कॅनडियन संघ तेव्हा युरोपात यायचे ते धसमुसळेपणा बरोबर घेऊनच. साल्मिंगने त्या सामन्यात त्यांना जशास तसं उत्तर दिलं, त्याचा पंचांशीही खटका उडाला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. सामना अजून चालू होता. मॅकनमारा जागेवरून उठला, सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि टोरांटोत खेळशील का, असं त्याला विचारलं. खेळ बघितलाच होता, पण मला वाटतं त्याला पटला तो हाकलला गेलेला माणूस.

त्याच सामन्यात ब्रूनेसचा इंगे हामारस्ट्रोम हा आघाडीचा खेळाडूही मॅकनमाराच्या नजरेत भरला. 1973 च्या शरदात दोघे मिळून टोरांटोला पोहोचले.

स्वीडिश खेळाडू एनएचएलमध्ये आधी आलेच नव्हते असं नाही. उल्फ स्टर्नर 1965 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडून चार सामने खेळून परतला होता. साल्मिंगच्या आदल्या वर्षी थॉमी बर्गमन डेट्रॉइटकडून खेळला. पण लीगमध्ये समज पक्का झालेला होता: स्वीडनची पोरं स्केटिंग सुरेख करतात, पास सुरेख देतात, एक दणका बसला की मात्र गळाठतात. त्यामागे थोडंसं कारण रिंकचंही होतं. युरोपातली रिंक तीस मीटर रुंद, एनएचएलची सव्वीस. रुंद बर्फावर माणूस टाळता येतो, अरुंद बर्फावर तो अंगावर येतोच. कॅनडियनांना त्यात भूगोल दिसला नाही, स्वभाव दिसला.

दुसऱ्याच सामन्यासाठी लीफ्स फिलाडेल्फियाला गेले. फिलाडेल्फिया फ्लायर्सना तेव्हा ब्रॉड स्ट्रीटचे गुंड म्हणत आणि त्यांना ते नाव आवडायचंही. पुढची दोन वर्षं स्टॅनली कप त्यांनीच नेला. त्यांनी ठरवून दोन्ही स्वीडिशांना सोलून काढलं. पायावर स्टिकचे फटके, पाठीमागून धडका, आणि प्रेक्षकांतून ‘भित्रे स्वीडिश’ असा ओरडा. हा प्रकार एका रात्रीत संपला नाही. गावोगावच्या रिंकमध्ये कित्येक महिने चालला.

यावर साल्मिंगने काय केलं, तर पुढच्या वेळी पक घेऊन पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला. मारामारीत तो वाकबगार नव्हता. अंगावर आलंच तर भिडायचा, पण तो त्याचा प्रांत नव्हे. त्याचा प्रांत होता शॉट अडवणं, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

समोरचा खेळाडू स्टिक मागे खेचतो, दणकट फटका मारतो, आणि ती गोठवलेली चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघते. बचावपटूचं काम काय? गोलरक्षकाला ती दिसली पाहिजे, किंवा मग ती त्याच्यापर्यंत पोहोचताच कामा नये. साल्मिंग दुसरा मार्ग घ्यायचा. फटका बसायच्या क्षणी तो एक गुडघा बर्फावर टेकवून किंवा सरळ आडवा झोकून देऊन पकच्या वाटेत जायचा. शरीरावर कुठे बसेल ते नशीब. शॉर्ट लेगला उभा असलेला क्षेत्ररक्षक फटका येताना पाठ फिरवतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही. इथे फटक्याकडे तोंड करून पुढे सरकायचं. हे रोज करायचं, ऐंशी सामन्यांच्या हंगामात, वर्षानुवर्षं. त्या काळचे चिलखती पॅडही आजच्याइतके जाड नव्हते. आणि पक अडवून झाला की तोच माणूस उठायचा, पक स्टिकवर घ्यायचा आणि अख्खी रिंक पार करून हल्ला सुरू करायचा. धाडस मोजायची फ्लायर्सची पट्टी मुळात चुकीची होती असं माझं मत आहे. ते ठोसे मोजत होते.

1976 च्या एप्रिलमध्ये हे सगळं एकदम टोकाला गेलं. बाद फेरीत पुन्हा टोरांटो आणि फिलाडेल्फिया. तिसरा सामना टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये. मेल ब्रिजमन नावाच्या खेळाडूने साल्मिंगला धरून चेहऱ्यावर ठोशांमागून ठोसे लगावले. प्रकरण इतकं चिघळलं की ऑन्टारिओचे ॲटर्नी जनरल रॉय मॅकमर्ट्री यांनी हात घातला आणि फ्लायर्सच्या खेळाडूंवर चक्क फौजदारी गुन्हे दाखल झाले. त्यात ब्रिजमनही होता. दोन दिवसांनी, 17 एप्रिलला, चौथा सामना. साल्मिंगचा वाढदिवस, पंचविसावा. सुजलेला चेहरा घेऊन तो उतरला. कर्णधार डॅरिल सिटलरने मधोमध पास दिला, साल्मिंग बचावफळीच्या मागे निसटला आणि समोर फक्त गोलरक्षक बर्नी पेरेंट, त्या काळातला जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. साल्मिंगने पक वर, जाळ्यात मारला. गार्डन्समधले लोक उभे राहिले ते बराच वेळ बसलेच नाहीत. टोरांटोने तो सामना 4-3 असा जिंकला. मालिका मात्र सातव्या सामन्यात हरले. लीफ्सच्या त्या काळाचं चित्र साधारण असंच.

त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडा कप ही स्पर्धा झाली. गार्डन्समध्येच कॅनडा विरुद्ध स्वीडन. ओळख करून देताना साल्मिंगचं नाव घेतलं गेलं आणि टोरांटोचे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत राहिले. स्वतःच्या देशाविरुद्ध खेळायला आलेल्या माणसासाठी! तीन वर्षांपूर्वी याच लीगमध्ये त्याला भित्रा म्हणत होते. पुढच्या हंगामाअखेर त्याची लीगच्या पहिल्या ऑल-स्टार संघात, म्हणजे त्या हंगामातल्या सर्वोत्तम सहा जणांत, निवड झाली. युरोपात घडलेल्या एकाही खेळाडूला तोवर ते जमलं नव्हतं.

मग कप का नाही? लीफ्सचा मालक हॅरॉल्ड बॅलर्ड हे त्याचं बरंचसं उत्तर आहे. चांगला संघ जमत आला की मोडायचा, प्रशिक्षक बदलायचा, खेळाडूंची जाहीर टिंगल करायची, हा त्याचा शिरस्ता. हामारस्ट्रोमबद्दल तो म्हणाला होता की हा खिशात अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एक फुटणार नाही. शेवटी 1977 मध्ये हामारस्ट्रोमला सेंट लुईसला देऊन टाकलं. साल्मिंगला हात लावायची मात्र बॅलर्डचीही छाती झाली नाही. 1978 मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, पण आदल्या फेरीत न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध स्टिक लागून साल्मिंगचा डोळा जायबंदी झाला होता. पुढे माँट्रियालने टोरांटोला चार सामन्यांत गुंडाळलं. लीफ्सने शेवटचा स्टॅनली कप जिंकला 1967 मध्ये. ते शहर अजून वाट बघतंय.

1986 हे वर्ष वाईट गेलं. पूर्वी कधीतरी कोकेन घेऊन पाहिल्याची कबुली त्याने वर्तमानपत्राला दिली, आणि त्यापायी आठ सामने बाहेर बसला. मग 26 नोव्हेंबरला, डेट्रॉइटमध्ये, गोलसमोरच्या गर्दीत तो खाली पडला आणि जेरार्ड गॅलंट या खेळाडूच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावर पडलं. कपाळापासून तोंडापर्यंत जखम, दोनशेहून जास्त टाके. ती टाक्यांची रेष असलेला फोटो आजही फिरतो. गॅलंटची त्यात चूक नव्हती, त्याला मागून ढकललं होतं. साल्मिंग लवकरच परत खेळायला उतरला, हेल्मेटला पारदर्शक काच लावून.

1988 च्या जानेवारीत त्याने एनएचएलमधला हजारावा सामना खेळला. युरोपात घडलेला एकही खेळाडू तोवर तिथे पोहोचला नव्हता. टोरांटोसाठी त्याने 620 गोलांना पास देऊन हातभार लावला, आणि हा त्या क्लबचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. विशेष म्हणजे बचावपटूच्या नावावर. शेवटचा एक हंगाम डेट्रॉइटमध्ये काढून तो स्टॉकहोमला परतला आणि एआयके या क्लबकडून आणखी तीन हंगाम खेळला. 1992 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो स्वीडनच्या संघात होता, वय 40. 1996 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. स्वीडनचा पहिलाच.

2022 च्या ऑगस्टमध्ये त्याला एएलएस झाल्याचं जाहीर झालं. या आजारात शरीराचे स्नायू एकेक करून साथ सोडतात, डोकं शाबूत राहतं. पुढच्या काही महिन्यांत वाचाही गेली. नोव्हेंबरात तो टोरांटोला आला. लीफ्सने 12 तारखेच्या सामन्यात सुरुवातीला सगळे स्वीडिश खेळाडू उतरवले. बर्फावर एका बाजूला लीफ्सचा माजी स्वीडिश कर्णधार मॅट्स सुंदीन, दुसऱ्या बाजूला सिटलर. प्रेक्षकांना हात करावा इतकीही ताकद नव्हती, तेव्हा सिटलरने त्याचा हात धरून वर उचलला. सिटलर रडत होता आणि ते लपवत नव्हता. 24 नोव्हेंबरला साल्मिंग गेला, 71 व्या वर्षी.

आता प्रश्न येतो निक्लस लिडस्ट्रॉमचा, कारण स्वीडनचा सर्वोत्तम बचावपटू कोण विचारलं तर बहुतेक लोक त्याचंच नाव घेतील. साल्मिंग डेट्रॉइटमधून गेला आणि वर्षभराने, 1991 मध्ये, तिथे लिडस्ट्रॉम आला. चार स्टॅनली कप, सात नॉरिस करंडक, आणि 2008 मध्ये युरोपात घडलेल्या कर्णधाराच्या हाती पहिल्यांदा कप. खेळ म्हणून लिडस्ट्रॉम वरचढ, यात मला शंका नाही. त्याला धडक द्यावीशी वाटायच्या आधीच पक त्याच्याकडून पुढे गेलेला असायचा. पण 1991 मध्ये डेट्रॉइटला पोहोचलेल्या लिडस्ट्रॉमला आधी मार खाऊन दाखव, असं कोणी म्हणालं नाही. त्याच्यानंतर एरिक कार्लसन आला, व्हिक्टर हेडमन आला. त्यांना तर असा काही काळ होता हे ऐकूनच माहीत.

आणि हो, अंडी न फुटणाऱ्या हामारस्ट्रोमचं पुढे काय झालं हे सांगायचं राहिलं. निवृत्तीनंतर त्याने युरोपातले तरुण खेळाडू हेरायचं काम धरलं. मालक कोण, तर फिलाडेल्फिया फ्लायर्स! एनएचएलचे संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात; 1991 च्या त्या निवडीत त्यांनी त्याचं ऐकून पीटर फोर्सबर्ग नावाचा एक स्वीडिश पोरगा सहाव्या क्रमांकावर घेतला. निवड अगदी अचूक होती. फ्लायर्सनी पुढच्याच वर्षी तो पोरगा एका मोठ्या सौद्यात दुसऱ्या संघाला देऊन टाकला, आणि त्याने दोन स्टॅनली कप जिंकले ते कोलोराडोसाठी.

नमस्कार.