शेजाऱ्याचं तोंडही झाका

मंडळी, बाटलीवर वर्तमानपत्र गुंडाळलं की ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे नाव न कळता वाइन चाखणं, झालं, असा एक समज आहे. बाटली झाकणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. मी बोलतोय ते पांढऱ्या वाइनबद्दल, आणि टेबलाभोवती आठ-दहा कोल्हापूरकर बसलेत असं धरून. म्हणजे पहिला घोट खाली उतरायच्या आत कुणीतरी 'एक नंबर!' म्हणणारच. तो आवाज आला की बाकीच्यांची जीभ कामातून गेली.

माणसाचं नाक फार लवकर दुसऱ्याचं ऐकतं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, आणि पोरांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. गुळाच्या सौद्यात पिवळाधमक रवा दिसला की भाव चढतो, चव कुणी विचारत नाही, त्यातलाच प्रकार. रंग एवढं करत असेल, तर शेजारी बसलेला जाणकार काय करेल?

आता मांडणी. ओतणारा माणूस चाखणारा नसावा. रीसलिंग द्राक्षाच्या वाइनची उंच, निमुळती बाटली कागदातूनही ओळखू येते, म्हणून वाइन आतल्या खोलीतच एकसारख्या भांड्यांत ओतून घ्यावी आणि भांड्यांना नंबर द्यावेत. प्रत्येकी 50 मिली पुरे. फ्रीजमधून काढल्या काढल्या देऊ नका. चार-पाच अंशांना वास दबून जातो. दहाच्या आसपास येऊ द्या, आणि सगळे ग्लास एकाच वेळी भरा. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये शेवटचा ग्लास कोमट होतो आणि बिचाऱ्या वाइनला 'जड' म्हणून शेरा मिळतो. स्वयंपाकघरात कांदा-लसूण मसाला परतायला घेतला असेल तर त्या दिवशी चाचणी रद्द करा, मी गंमत करत नाही. तांबडा रस्सा नंतर. तिखटाने पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी पोळतं. थुंकायला तस्त हवंच. पैसे मोजलेली वाइन थुंकायची म्हटल्यावर आपली माणसं कशी बघतात ते मला ठाऊक आहे, पण सहाव्या ग्लासाला त्याचं कारण कळतं.

ग्लासात काय असावं? सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाची नाशिकची एक वाइन आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोची एक, शेजारी शेजारी. थंड हवेत पिकलेल्या या द्राक्षात पायराझिन नावाची द्रव्यं टिकून राहतात, त्यांचा वास थेट ढब्बू मिरचीचा. ऊन आणि पिकणं वाढलं की ती कमी होतात. मग अकलूजजवळच्या मळ्यांतली एखादी शार्डोने, हेही द्राक्षाचंच नाव. तिच्यात लोण्याचा वास आला तर मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी काम केलंय असं समजा. आणि शेनिन ब्लाँ द्राक्षाची एक. द्राक्ष ओळखलं की टाळ्या मिळतात, पण तो भाग मला दुय्यम वाटतो. कोणत्या घोटाने तोंडाला जास्त पाणी सुटलं, गोडी कुठे आहे, घशात ऊब किती, घोट गेल्यावर चव किती रेंगाळली, हे लिहा.

आणि एक वाइन गुपचूप दोनदा ठेवा. रॉबर्ट हॉजसन या वाइन-उत्पादकाने कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. 2008 साली निष्कर्ष आले: स्वतःच्याच गुणांशी सातत्य राखणारे जेमतेम दहा टक्के. ते नावाजलेले परीक्षक होते. आपल्या टेबलावर ज्याने त्या दोन ग्लासांना पहिला आणि शेवटचा नंबर दिला, त्याला हसायचं नाही. त्याच्या बाकीच्या शेऱ्यांकडे मात्र जरा जपून बघायचं.

गुणांच्या बेरजेकडेही तसंच जपून बघायचं. पॅरिसमध्ये 24 मे 1976 रोजी झाकलेल्या बाटल्यांच्या चाचणीत नऊ फ्रेंच परीक्षकांच्या गुणांची बेरीज होऊन फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइनना मागे टाकत कॅलिफोर्नियाची शातो माँटेलेना 1973 पहिली आली, हे सगळे सांगतात. पांढऱ्या वाइनचा निकाल लाल वाइन चाखण्याआधीच जाहीर केला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे दुसऱ्या फेरीला बसताना काय घडलंय ते सगळ्यांना ठाऊक. झाकलेल्या बाटल्यांत बाहेरची बातमी शिरली ती अशी.

गटात बेरीज केली की बहुधा किंचित गोड वाइन वर येते, कारण ती कुणालाच खटकत नाही. आपल्याकडची बरीच शेनिन तशीच असते. चौघांनी पहिला आणि चौघांनी शेवटचा नंबर दिलेली वाइन मात्र बेरजेत मधे कुठेतरी हरवते. मी त्याच वाइनवर जास्त वेळ घालवतो. भांडण तिथे असतं, आणि भांडायला आपल्याला काय, निमित्त लागतं.

तेव्हा आधी सगळ्यांनी गुपचूप लिहायचं. कागद उलटे ठेवायचे. वाचायची सुरुवात सर्वांत नवख्या माणसापासून. त्या शार्डोनेला त्याने 'जुन्या तुपासारखी' म्हटलं तरी मधे बोलायचं नाही. ज्यांच्या घरी वाइनचं कपाट आहे, त्यांचा नंबर शेवटी. कोणती वाइन कोणती ते उघड करायचं त्यानंतर, आणि रस्सा गरम करायला सांगायचा.