ओहोटीच्या खडपावर

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईजवळची निसर्गफेरी म्हटलं की बहुतेकांना ऐरोलीहून ठाणे खाडीत जाणारी बोट आणि रोहित पक्षी आठवतात. 2015 साली अभयारण्य आणि 2022 साली रामसर स्थळ ठरलेली ती खाडी जरूर पाहावी. पण आज बोलायचं आहे ते पायी फेरीबद्दल. जुहू, कार्टर रोड, हाजी अली, गिरगाव. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), कालवं, शंखात राहणारे खेकडे, एखादा ऑक्टोपसही दिसतो.

इथे वेळ ठरवतो समुद्र. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी साधारण सव्वा सहा तासांनी, बाराच्या पुढे. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे शेवटी भरती-ओहोटीचं कोष्टक बघावंच. पण अष्टमीला फेरी काढूच नये, कारण ते भांगाचे दिवस. पाणी फारसं उतरत नाही आणि चांगली खडपं बुडालेलीच राहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, विशेषतः नंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण मोठं असतं आणि ओहोटीही खोल लागते. कोष्टकात ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली असेल आणि ती वेळ उजेडाची असेल, तो दिवस धरावा.

ओहोटीच्या तासभर आधी खडपावर उतरायचं आणि उतरणाऱ्या पाण्यामागे चालत जायचं. ओहोटी पूर्ण झाली की परतीला सुरुवात. पाणी चढतं ते सारख्या वेगाने नाही. भरती-ओहोटीतल्या फरकाचे बारा वाटे केले, तर पहिल्या तासात साधारण एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. फरक चार मीटरचा असेल तर तिसऱ्या एका तासात मीटरभर पाणी! आणि धोका समोरच्या लाटेचा कमी. पाणी आधी खडपांमधल्या चरांतून मागच्या बाजूला शिरतं आणि माणसं उभी असलेला उंचवटा किनाऱ्यापासून तुटतो. म्हणून वाटाड्याने येताना ओलांडलेला सर्वांत खोल चर लक्षात ठेवावा आणि तिथलं पाणी घोट्यापर्यंत येण्याआधी सगळ्यांना पलीकडे न्यावं.

पायात पकड असलेले, बंद, रबरी तळाचे बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात आणि कालवांची धार पाय कापते. शहराचं सांडपाणी याच समुद्रात येतं, तेव्हा जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. चालताना उघड्या काळ्या दगडावर पाय ठेवावा. रबरी बटणांच्या गालिच्यासारखं काही दिसलं तर तो जिवंत प्राण्यांचा थर आहे, त्यावरून चालायचं नाही. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत न्यावेत. वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) मग आधीच सरकतं.

आता दगडांबद्दल, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होतं. दगडाच्या वरच्या बाजूला उन्हावर जगणारं शेवाळ असतं. खालच्या बाजूला स्पंज, अंडी, सावली आणि ओल लागणारे जीव. दगड उलटून तसाच ठेवला की खालचं उन्हात वाळतं आणि वरचं अंधारात मरतं. एकाच दगडाच्या दोन्ही वस्त्या जातात. फेरीत दगड फक्त वाटाड्याने उचलावा, तोही एका हाताला पेलेल एवढाच, आणि जसा होता तसाच, सावकाश, त्याच खाचेत परत ठेवावा. दहाजणांनी पाच-पाच दगड उचलले तर एका सकाळी पन्नास. एवढ्याचसाठी एका वाटाड्यामागे दहा-बारांहून जास्त माणसं घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

रिकामा शंखही घरी नेऊ नका, तो पुढच्या खेकड्याचं घर असतो. शंकूसारखा निमुळता शंख तर हातातच घेऊ नका, त्यातली गोगलगाय विषारी दंश करते. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तुकडासुद्धा उचलणं गुन्हा आहे. फोटोसाठी प्राणी डबक्यातून काढू नये. डबक्यात फक्त नजर जावी, सनस्क्रीन लावलेला हात नको.

याच खडपांवर कोळी बायका कालवं काढायला येतात. त्यांची ती रोजी आहे. त्यांची वाट अडवू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) कुठे दिसतील, कोणता चर आधी भरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. वाटाड्या कोळीवाड्यातलाच मिळाला तर उत्तम.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ही फेरी नको. लाटा अंगावर येतात आणि वाळूवर निळे, फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात. ते मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात.

फेरीसाठी नाव नोंदवताना आयोजकांना त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आणि किती मीटरची, ते विचारा. उत्तर लगेच यायला हवं. दर रविवारी सकाळी सात वाजता अशी कायमची वेळ सांगितली, तर तिथे पैसे भरू नका.